उत्तेजनार्थ

ग्रंथपरीक्षण लिहिण्याची माझी पात्रता काय, असा प्रश्न कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो, की मी बी. कॉम. आहे आणि गेली २२ वर्षं एका बँकेत कारकुनी करतो आहे. म्हणजे साहित्याचा आणि माझा संबंध परिपत्रकांपुरता. पण परिपत्रकं मी इतकी वाचली आहेत, की लिहिणाऱ्याला काय सांगायचं आहे यापेक्षा काय सांगायचं नाही, हे मला चटकन समजतं. मोठे समीक्षक याहून वेगळं काही करत असतील असं वाटत नाही. आज मी ज्या ग्रंथाचं परीक्षण करणार आहे तो ३२ पानांचा आहे, त्याच्यावर लेखकाचं नाव नाही, आणि त्याच्यासोबत कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा एक विजेचा पट्टा आणि तो पट्टा लांबून चालवायचा एक रिमोट मिळतो. पट्टा आणि रिमोट २,४९९ रुपयांना. ग्रंथ फुकट. मराठी प्रकाशकांनी या योजनेचा विचार करायला हरकत नाही.

ग्रंथाकडे वळण्यापूर्वी तो घरात का आला, हे सांगायला हवं. आमच्याकडे मुद्दल नावाचा कुत्रा आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी तो माझ्या स्कूटरखाली येऊन बसला आणि मग उठेचना. चिरंजीवांना त्याचं नाव ब्रूनो ठेवायचं होतं, हिला मोती. पण जनावरांच्या डॉक्टरांचं पहिलं बिल पाहिल्यावर मी एवढंच म्हणालो, की हा खर्च व्याजातून भागणारा नाही, मुद्दलाला हात लावावा लागणार. त्या दिवसापासून तो मुद्दल. जात गावठी. डॉक्टरांनी लसीच्या कार्डावर जातीच्या रकान्यात ‘नॉन-डिस्क्रिप्ट’ असं लिहिलं आहे. म्हणजे वर्णन करण्याजोगं काही नाही. माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये साहेबांनी इतक्या मोजक्या शब्दांत हे लिहिलं नसलं, तरी आशय तोच आहे.

मुद्दलाचे गुन्हे दोन. पहिला असा, की टेकडीवर फिरायला नेलं आणि मोर दिसला, की तो मोराच्या मागे जातो आणि आम्ही त्याच्या मागे जातो. (कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडीवर सकाळी जाणाऱ्यांना हे दृश्य अपरिचित नसेल. पुढून मोर, मग मुद्दल, मग मी, मग माझी एक चप्पल.) दुसरा गुन्हा म्हणजे आवडत्या माणसाच्या अंगावर उडी मारणं. आणि त्याचं सगळ्यांत आवडतं माणूस तळमजल्यावर राहतं. वय वर्षं पाच, नाव चिऊ. शाळेतून आली की ती दप्तरातून एक बिस्कीट काढायची आणि मुद्दल तिच्या खांद्यावर दोन्ही पंजे ठेवून ते स्वीकारायचा. यात दोघांचीही तक्रार नव्हती. तक्रार तिच्या आईची होती. “भाऊजी, आज पडता पडता वाचली. कधीतरी डोकं आपटेल हो फरशीवर,” असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

ही गोष्ट मी बँकेत काढली, तेव्हा कर्जविभागातल्या आमच्या एका सहकाऱ्याने मला या पट्ट्याचा सल्ला दिला. त्याच्याकडे लॅब्राडोर आहे. “बटण दाबलं की येतो,” तो म्हणाला. मला हे वाक्य फार आवडलं. २२ वर्षांत मी काहीही दाबलं तरी शिपाईसुद्धा आलेला नाही.

आता ग्रंथ. मुखपृष्ठावर हिरवळ, हिरवळीवर सोनेरी केसांचा कुत्रा, कुत्र्याशेजारी पांढऱ्या दातांचा गृहस्थ. दोघेही एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघतात. भाषा इंग्रजी. शैली आमच्या हेड ऑफिसची. म्हणजे कर्ता कुठेच सापडत नाही. ‘असे निदर्शनास आले आहे’, ‘याद्वारे कळविण्यात येते’, या चालीवर इथे ‘उत्तेजन दिले जाते’, ‘पातळी वाढविली जाते’. कोण देतं, कोण वाढवतं, याचा पत्ता नाही. पण या ग्रंथाचा सगळा प्राण ज्या एका शब्दात आहे तो म्हणजे हे ‘उत्तेजन’. मूळ शब्द ‘स्टिम्युलेशन’. ३२ पानांत ‘शॉक’ हा शब्द मला एकदाही सापडला नाही. आहे ते सगळं उत्तेजन. आम्हां मराठी माणसांना हा शब्द लहानपणापासून परिचयाचा आहे. वक्तृत्व स्पर्धेत पहिला, दुसरा आणि तिसरा नंबर गेल्यावर उरलेल्यांना जे देतात ते उत्तेजनार्थ. मला शाळेत चार वेळा मिळालं आहे. दर वेळी ते घेताना मानेपाशी काहीतरी टोचल्यासारखं होई. त्यामुळे भाषांतर अगदीच चुकलेलं नाही.

यंत्र साधं आहे. पट्ट्यावर आतल्या बाजूने धातूच्या दोन बोथट खुंट्या असतात. त्या केसांतून कातडीला टेकाव्या लागतात. रिमोटवर बटण दाबलं, की एका खुंटीतून दुसरीत कातडीच्या वाटेने विजेचा बारीकसा प्रवाह जातो. जोर कमी-जास्त करायची सोय, आमच्या पट्ट्यावर एक ते शंभर. एक बटण क्षणभराचं. एक बटण दाबून धरलं तर चालू राहणारं, मात्र काही सेकंदांनी आपोआप बंद पडणारं. याशिवाय एक नुसतं वाजणारं आणि एक नुसतं थरथरणारं. अशी यंत्रं अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीला शिकारी कुत्र्यांसाठी विकायला आली. लांब पळालेल्या कुत्र्याला आवरायला म्हणून. सुरुवातीच्या पट्ट्यांत हे एक ते शंभर लाड नव्हते, एकच काय तो दणका होता. शंभर पायऱ्या आल्या तेव्हा यंत्र सुधारलं, हे मी मान्य करतो. पण पायऱ्या शंभर झाल्या म्हणून जिना वर जातो की खाली, हा प्रश्न सुटत नाही.

ग्रंथात एक चांगली सूचना आहे. कुत्र्याच्या आधी स्वतःच्या हातावर करून पाहावं. ही सूचना आमच्या चिरंजीवांना फार पटली. मी मनगटावर पट्टा धरला, रिमोट त्याच्याकडे दिला. दहाला काही नाही. वीसला काही नाही. “बाबा, तुमची कातडी जाड आहे,” असं निदान झालं. तिसाला मुंगी. एकेचाळिसाला, पावसाळ्यात अनवाणी उभं राहून जुन्या फ्रीजच्या पाठीला हात लावला की जे होतं ते झालं, आणि मी एक शब्द उच्चारला जो आमच्या घरात उच्चारायचा नाही असं ठरलेलं आहे. दुखलं का? फारसं नाही. पण पुढचा अर्धा तास मी माझ्या मनगटाकडे बघत नव्हतो. मी चिरंजीवांच्या अंगठ्याकडे बघत होतो. ही नोंद मी तेव्हा नुसती गंमत म्हणून डायरीत केली.

प्रकरण तिसरे, ‘मूलभूत आज्ञापालन’. हे ग्रंथाचं हृदय, आणि न्यायाने बोलायचं तर ते बावळटपणे लिहिलेलं नाही. पहिले काही दिवस पट्टा नुसता बांधून ठेवावा, बटणाला हात लावू नये, म्हणजे पट्टा आणि टोचणी यांचं नातं कुत्र्याला कळत नाही. (कळलं तर तो पट्टा असेल तेव्हाच शहाण्यासारखा वागतो आणि काढला की मूळ पदावर येतो. आमच्या शाखेत इन्स्पेक्टर आले की हेच होतं.) मग त्याला जेमतेम जाणवेल ती पातळी शोधावी. कान हलला, मान खाजवली, काय झालं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, की ती त्याची पातळी. मग लांब दोरी बांधून ‘ये’ म्हणावं, बटण दाबून धरावं, दोरीने अलगद ओढावं, आणि तो आपल्याकडे निघाला की त्याच क्षणी बटण सोडावं. म्हणजे टोचणी बंद करणं त्याच्या हातात आहे, हे त्याला कळतं. ‘बस’ला तेच, ‘थांब’ला तेच.

इथे शास्त्र सांगावं लागेल. वाचकांनी घाबरू नये, हे शास्त्र मला हिशेबाच्या वहीतून समजलं आणि तिथूनच सांगतो. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३८ साली सजीवांच्या वागण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या आणि त्याच्या परंपरेच्या विचारातून शिकवण्याचा एक चार घरांचा तक्ता तयार झाला. काहीतरी दिलं किंवा काहीतरी काढून घेतलं, वागणं वाढलं किंवा कमी झालं. दोन दुणे चार. बिस्कीट दिलं आणि बसणं वाढलं, हे एक घर. टोचणी काढून घेतली आणि येणं वाढलं, हे दुसरं. टोचणी दिली आणि उडी कमी झाली, हे तिसरं. बिस्कीट काढून घेतलं आणि उडी कमी झाली, हे चौथं. यातल्या अधिक-उण्याचा चांगल्या-वाइटाशी संबंध नाही. नावे म्हणजे नुकसान आणि जमा म्हणजे फायदा, असं जे बँकेबाहेरच्या माणसाला वाटतं, तशीच ती गफलत. ग्रंथातली ‘ये’ची कृती दुसऱ्या घरातली आहे. पण एक गोष्ट ग्रंथ सांगत नाही. दुसऱ्या घरात टोचणी काढून घ्यायची असेल, तर आधी ती कुणीतरी दिलेली असावी लागते. कर्ज फेडल्याचा आनंद द्यायला आधी कर्ज द्यावं लागतं. आमच्या कर्जविभागातल्या मित्राला ही पद्धत का आवडली, ते मला इथे उमगलं.

पद्धत नवी नाही. कोनराड मोस्ट या जर्मन पोलिसी कुत्र्यांच्या गुरूने १९१० सालीच कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहून ठेवलं आहे. त्यात विजेचा पट्टा नव्हता इतकंच, ओढायचा पट्टा आणि छडी होती. तेव्हा निदान छडी मारणारा हात कुत्र्याला दिसत होता.

आता आमचा प्रयोग. टेकडीवर ‘ये’ बरं चाललं. बावीस पातळीवर मुद्दल चौथ्या दिवशी वळून यायला लागला. मी बँकेत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. मग मी प्रकरण पाचवे उघडलं, ‘अनिष्ट सवयी’. उडी मारणं ही पहिलीच सवय. सूचना दोन ओळींची. ‘कुत्रा उडी मारत असताना, त्याच क्षणी, क्षणिक उत्तेजन दिले जाते. उडी थांबते.’

‘त्याच क्षणी’ या दोन शब्दांवर माझा सगळा आक्षेप आहे. कुत्र्याला कारण आणि परिणाम जोडायला फार थोडा वेळ मिळतो. अर्ध्या सेकंदाचा उशीरसुद्धा पुष्कळ झाला. आणि माझा रिमोट पँटच्या खिशात, किल्ल्यांच्या खाली. संध्याकाळी चिऊ जिन्याशी आली. मुद्दल धावला, उडाला. मी खिशात हात घातला. किल्ल्या बाहेर आल्या. किल्ल्यांमागून रुमाल आला. रुमालामागून रिमोट. मी बटण दाबलं. तोपर्यंत मुद्दलाचे चारही पाय जमिनीवर आले होते आणि तो तिचा हात चाटत होता. म्हणजे त्याला जे यायला हवं होतं, बरोबर तेच तो करत असताना मी त्याला टोचलं. तो केकाटला आणि त्याने वर पाहिलं. माझ्याकडे नाही. मी दहा पावलं लांब, जिन्याच्या कठड्याला टेकून, नामानिराळा उभा होतो. त्याने चिऊकडे पाहिलं.

मला हे कळायला हवं होतं. पण ग्रंथात ‘सातत्य ठेवावे’ असं ठळक टाइपात छापलं होतं आणि मी छापील सूचना पाळणारा माणूस आहे. तीन दिवस सातत्य ठेवलं.

चौथ्या दिवशी मुद्दलाने उडी मारली नाही. पाचव्या दिवशीही नाही. चिऊच्या आई म्हणाल्या, “शिकला हो शेवटी! काय जादू केलीत भाऊजी?” ग्रंथाच्या शेवटी यशाची खूण करायला चौकटी दिल्या आहेत. मी पेन काढून त्या चौकटीत बरोबरची खूण केलीसुद्धा. सहाव्या दिवशी मी जरा लवकर घरी आलो. जिन्याशी चिऊचा आवाज ऐकू आला, आणि आमच्या दारातला मुद्दल उठून चपलांच्या मांडणीखाली शिरला. तिथे त्याच्या आकाराचा कुत्रा मावत नाही. तो मावला होता. चिऊ बिस्कीट घेऊन वर आली, मांडणीसमोर उकिडवी बसली, “मुद्दल, ये ना” म्हणाली. तिने बिस्कीट आत सरकवलं. त्याने ते घेतलं नाही. मग तिने मला विचारलं, “काका, मी काय केलं त्याला?”

बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळवताना मला एवढा घाम कधी फुटला नव्हता.

कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना अकरावीत एक धडा असतो, तेरीजपत्रकाचा. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर असतीलच असं नाही, हे त्यात सांगतात. एखादी रक्कम भलत्याच माणसाच्या खात्याला लावली, तरी बेरीज जुळते. आम्ही सगळेच पोरं तो धडा परीक्षेपुरता पाठ करतो. मला तो त्या दिवशी चपलांच्या मांडणीसमोर समजला. उडी थांबली, बेरीज जुळली. पण टोचणीची नोंद मुद्दलाने ‘उडी’ या खात्याला केलीच नव्हती. ती त्याने ‘चिऊ’ या खात्याला केली होती. त्याच्या वहीच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नव्हती. तीन दिवस, तीन नोंदी, आणि तिन्ही वेळा समोर चिऊ. मी असतो तरी तेच लिहिलं असतं. मुद्दलात खोट नव्हती, खोट खतावणी करायला लावणाऱ्याची होती. आणि माझा ग्रंथावर मुख्य आरोप हा आहे, की त्यात कुत्र्याने नोंद कोणत्या खात्याला केली हे तपासायचं एकही प्रकरण नाही. यशाची चौकट आहे, ऑडिट नाही.

मग मी इतर ग्रंथ वाचले. हे काम खरेदीच्या आधी करायचं असतं, पण कर्ज देताना आम्हीसुद्धा कागदपत्रं नंतरच वाचतो. हॉलंडमध्ये शिल्डर आणि व्हॅन डर बोर्ग या दोन संशोधकांनी २००४ साली पोलिसी आणि राखणीच्या कामाला शिकवलेले जर्मन शेफर्ड पाहिले. ज्यांना पट्ट्याने शिकवलं होतं ते शिक्षण संपल्यावर, नुसते बागेत फिरतानासुद्धा, बाकीच्यांपेक्षा कान पाडून आणि दबून वागत होते. मालक जवळ असणं म्हणजेच टोचणीची सूचना, असं त्यांनी मनाशी धरलं असावं, असा त्या दोघांचा निष्कर्ष. मला माझं मनगट आणि चिरंजीवांचा अंगठा आठवला. इंग्लंडातल्या लिंकन विद्यापीठाच्या मंडळींनी ६३ घरगुती कुत्री घेतली, बोलावलं तर न येणारी, गुरामेंढरांच्या मागे लागणारी. आमच्याच पंथाची. त्यांचे तीन गट केले. एकाला पट्टा, पट्टा वापरण्यात मुरलेल्या शिक्षकांच्या हातात. दुसऱ्याला तेच शिक्षक, पण पट्ट्याशिवाय. तिसऱ्याला बिस्किटांवर विश्वास असलेले शिक्षक. २०१४ साली त्यांनी जाहीर केलं, की पट्ट्याने काही ठळक जास्तीचा फायदा दिसला नाही, ताण मात्र दिसला. २०२० साली त्याच प्रयोगाचा पुन्हा बारकाईने हिशेब मांडला, तेव्हा ‘ये’ आणि ‘बस’ या दोन्हींत बिस्कीटवाले सरस निघाले. वेल्समध्ये तर २०१० सालापासून असे पट्टे कुत्र्या-मांजरांना वापरायला बंदीच आहे, आणि वेल्समध्ये मेंढ्या थोड्याथोडक्या नाहीत.

आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० सालचा कायदा आहे. त्यात मारणं, लाथा घालणं, अति ओझं लादणं असं सगळं येतं. विजेच्या पट्ट्याचं नाव त्यात कुठून येणार, तेव्हा तो निघालेलाच नव्हता. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये, असा दर त्यात लिहिला आहे. खात्यात किमान शिल्लक ठेवली नाही तर बँका याहून जास्त घेतात.

आता दुसरी बाजू. ही न लिहिली तर आमचा कर्जविभाग माझ्याशी बोलणार नाही. त्याचा लॅब्राडोर पट्ट्यावर शिकला आणि मजेत आहे. मी त्याला पाहिला आहे. शेपटीने चहाचे कप उडवतो. मित्राचा हात माझ्यापेक्षा चपळ आहे, तो कॉलेजात टेबल टेनिस खेळायचा. नीट हातात, नीट पातळीवर, नीट क्षणाला हे यंत्र काम करतं, हे मी नाकारत नाही. टेकडीवरचं ‘ये’ माझ्याही हातून जमलं होतं. पण ज्या हाताला इतकी अचूक वेळ साधते, तो हात बिस्किटानेही शिकवू शकेल. आणि ज्या हाताला साधत नाही, त्याचं बिस्कीट चुकलं तर कुत्र्याला एक बिस्कीट जास्त मिळतं, एवढाच तोटा. माझा रिमोट चुकला तेव्हा एका पोरीचा मित्र गेला. दोन्ही चुका एकाच मापाच्या, पण भरपाई निराळी. ग्रंथ खपतो तो मात्र माझ्यासारख्यांनाच. टेबल टेनिसवाले असतात किती?

दुरुस्तीची हकिगत लांबलचक आणि कंटाळवाणी आहे. साडेतीन महिने लागले. डॉक्टरांनी सांगितलं, आधी लांबून. चिऊ जिन्याच्या खालच्या पायरीवर, मुद्दल वर आमच्या दारात, आणि तिचा आवाज आला की मी त्याला चीजचा तुकडा द्यायचा. तिने जवळ यायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. पाच वर्षांच्या मुलीला हे किती अवघड असतं, ते पाहायचं असेल तर समोर उभं राहून पाहावं. ती डोळ्यांवर हात ठेवून बसायची आणि बोटांतून बघायची. रोज एक पायरी. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. कधी रोजची पायरी पुढे, कधी दोन मागे. एकदा कुणाची तरी स्टीलची बादली जिन्यावरून घरंगळत गेली आणि आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर आलो.

याच काळात मी कॅरेन प्रायर नावाच्या बाईंचं १९८४ सालचं पुस्तक वाचलं. बाई मूळच्या कुत्रेवाल्या नव्हेत. हवाई बेटांवर त्या डॉल्फिनना शिकवत. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा बांधता येत नाही, त्याला ओरडून उपयोग नाही, आणि रागावलात तर तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. तेव्हा हवं ते घडलं त्या क्षणी शिट्टी, आणि शिट्टीमागून मासा, एवढंच हातात उरतं. माझ्या मते जगातल्या सगळ्या शिक्षकांना आणि शाखाधिकाऱ्यांना नेमणुकीआधी सहा महिने डॉल्फिनखात्यात ठेवायला हवं. शिट्टीच्या जागी मी ‘शाब्बास’ धरलं. चारही पाय जमिनीवर असले की शाब्बास आणि बिस्कीट. उडी मारली तर चिऊने पाठ फिरवून खांबासारखं उभं राहायचं. हे तिने एका दिवसात शिकून घेतलं. मला शाब्बास वेळेवर म्हणायला तीन आठवडे लागले. हिने शेवटी सांगितलं, “अहो, तुम्ही नुसते बघा. शाब्बास चिऊलाच म्हणू दे.” तेव्हापासून गाडी सुरळीत झाली.

ग्रंथातलं शेवटचं प्रकरण मी अजून सांगितलं नाही. ते ‘सुरक्षितता’ आणि ‘जबाबदारी’ यांचं आहे, सगळ्यांत लांब आहे, आणि त्यात मात्र कर्ता सापडतो. पट्टा दिवसभर एकाच जागी राहिला तर खुंट्यांखाली जखम होऊ शकते, म्हणून दर काही तासांनी जागा बदलावी, ही महत्त्वाची सूचना एकोणतिसाव्या पानावर तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या टाइपात आहे. बटण कसं दाबावं ते तिसऱ्या पानावर होतं. आणि एकतिसाव्या पानावर, प्रथमच कर्तरी प्रयोगात, ठसठशीत, असं छापलं आहे, की कुत्र्याच्या वागण्यात काही बदल झाला तर त्याला वापरणारा जबाबदार राहील. वागण्यात बदल व्हावा म्हणूनच मी तो घेतला होता.

पट्टा परत करायची मुदत टळून गेली होती. तो आता माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या पासबुकांखाली आहे. मागच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ विचारायला आले, त्यांच्याकडे नवीन पिल्लू आलं आहे, पट्टा मिळेल का म्हणून. ग्रंथ वाचायला दिला. पट्टा सापडत नाही म्हणून सांगितलं.

मोराचं मात्र अजून जमलेलं नाही. दहा मीटर लांबीची सुती दोरी आणली आहे, ती मुद्दलाच्या गळ्याला नव्हे, छातीच्या पट्ट्याला बांधतो, आणि टेकडीवर मोर ओरडला की तो थांबतो, माझ्याकडे बघतो, मोराकडे बघतो, पुन्हा माझ्याकडे बघतो. दहातल्या सहा-सात वेळा चीजकडे येतो. उरलेल्या वेळी दोरी ताणते आणि माझी चप्पल जाते. गेल्या रविवारी चिऊही आली होती. “काका, दोरी मी धरू?” म्हणाली. मी म्हटलं, धर, पण मी मागून धरतो. मोर ओरडला. मुद्दल थांबला, त्याने मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. तिचं शाब्बास माझ्या कितीतरी आधी आलं.